मदतीला सगळे, जेवायला कोणी नाही

आमच्या गावातली माणसं एक वेळ उपाशी झोपतील, पण 'भूक लागलीय' असं म्हणणार नाहीत. पोटात कावळे कोकलत असले तरी तुम्ही विचारा, "जेवलात का?" की लगेच, "आत्ताच की हो!" आणि वर एक खोटा ढेकर. ही खोड कुठून आली देव जाणे. पण आहे खरी, आणि या खोडीनं आम्हाला पुरतं गोत्यात घातलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मीच काय, सगळं गाव तिला अक्काच म्हणतं. तिला ही खोड पक्की ठाऊक. म्हणून गावासाठी तिनं स्वयंपाकघर काढलं तेव्हाच एक रीत घालून दिली. इथं जेवायला कोणी यायचं नाही. मदतीला यायचं. दारातून आत आलं की एक काम उचलायचं. मटार सोला, तांदूळ निवडा, ताटल्या पुसा, काहीही करा. मग अक्का म्हणणार, "आता आलाच आहात तर दोन घास खाऊनच जा." रोज म्हणणार, प्रत्येकाला म्हणणार, आणि अशा आवाजात की जणू हे तिला आत्ताच सुचलंय. समोरचाही रोज आढेवेढे घेणार. "छे छे, कशाला... बरं, तू म्हणतेस तर."

पोस्टमन तात्याचंच बघा. रिटायर झालेला माणूस, मुलगा परगावी, पत्ता नाही. रोज दुपारी दारात उभा. "इकडनंच चाललो होतो, म्हटलं बघावं काही हातभार लागतोय का." आता आमची शेड म्हणजे गावाचं शेवटचं टोक. शेड संपली की ओढा. इकडनं हा बाबा कुठं चालला होता? पोहायला? पण विचारायचं नाही. ही रीतच होती. शिंपीण मावशी चष्मा लावून पालक निवडायची, एकेक पान उन्हात धरून बघायची, नोट खरी की खोटी बघावी तसं. आणि मी? माझा टेम्पो आहे. बाजारात न विकला जाणारा माल, वाकडी गाजरं, चिरलेले भोपळे, शेतकरी फेकायलाच निघालेले असतात, ते गोळा करून आणायचं माझं काम. जेवणाचं म्हणाल तर मी आपलं फक्त मीठ बघायचो. रोज. ताटभर.

शेड पूर्वी दूध गोळा करायची होती. डेअरी बुडाली, शेडमध्ये उंदीर राहायला आले. मग सरकारची योजना आली, खेड्यापाड्यात लोकांच्या जेवणाची सोय व्हावी, गावात सुविधा उभ्या राहाव्यात म्हणून. आमच्या कमिटीचा अध्यक्ष आहे, त्याला गाव माईक म्हणतं, कारण माईक नसला तरी तो माईकवरच बोलतो. अक्कानं त्याच्या मानगुटीवर बसून अर्ज करवला. आणि चमत्कार बघा, पैसे आले. पहिल्या हप्त्यात नवं छप्पर झालं, नळ आला, मोठ्या शेगड्या, स्टीलची टेबलं, आणि भाजी टिकवायला एक थंड खोली. ती खोली आली तेव्हा लोक उगाच आत जाऊन उभे राहायचे. दुसरा हप्ता तांदूळ, तेल आणि गॅसचा. तो मिळायचा तपासणी झाल्यावर. सुविधा लोक वापरतायत असं दिसलं की पैसे सोडणार. यात भिण्यासारखं काय आहे, आम्ही म्हटलं. रोज शेड भरून माणसं जेवतायत. या आणि बघा.

आणि आली मॅडम. भर जेवणाच्या वेळी. तरुण पोरगी, पायात धुळीनं माखलेले बूट, हातात टॅब. चेहऱ्यावरून भली वाटली, आणि भलीच होती, तेच तर दुखणं आहे. नालायक असती तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

तात्या तेव्हा भात कालवत होता. दारात सरकारी माणूस दिसल्यावर त्यानं ताटली बाकाखाली सरकवली आणि उठून खांद्यावरचं फडकं घेऊन खिडकी पुसायला लागला. त्याला बघून शेजारचा उठला, त्यानं झाडू धरला. शिंपीण मावशीनं तोंडातला घास तसाच गिळून रिकाम्या टोपलीत हात घातला आणि नसलेले मटार सोलायला लागली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अख्खी शेड कामाला लागली! कोण टेबल घासतंय, कोण घासलेलं टेबल परत घासतंय. एका खिडकीला तिघं. जेवताना एकही माणूस नाही.

मॅडम बघतच राहिली. "एवढे कर्मचारी?"

"सगळे मदतनीस!" माईक छाती फुगवून म्हणाला. "गावची एकी आहे मॅडम, एकी!"

मी पाठीमागून त्याचा शर्ट ओढला. कळतंय कुणाला?

"आणि लाभार्थी कुठं आहेत? म्हणजे जेवायला येणारे?"

माईकनं इकडंतिकडं बघितलं. मॅडम तात्याकडं गेली. "आजोबा, तुम्ही इथं जेवता का?"

"मी?" तात्याला असा धक्का बसला, जणू कुणी त्याला पाकीटमार म्हटलं. "मी खिडक्या पुसतो."

"आणि मावशी, तुम्ही?"

"मी मटार सोलते हो."

"टोपलीत मटार नाहीत."

"सोलून झाले ना!"

सगळ्यांना विचारलं तिनं. सगळ्यांचं तेच. मी वाढतो, मी भांडी उचलते, मी सहज आलो होतो. शेवटी माझ्याकडं आली. मी म्हटलं, "टेम्पो माझा." खोटं नव्हतं ते. टेम्पो माझाच आहे.

अक्का पातेल्याजवळ पळी धरून उभी. तिनं सगळ्यांकडं एकदा बघितलं. स्पष्ट बोलली असती तर तिथंच मिटलं असतं. पण ही रीत तिनंच घातलेली, ती कशी मोडणार? म्हणाली, "मॅडम, बाकांखाली बघा. ताटल्या आहेत."

मॅडमनं वाकून बघितलं. "बाकांखाली जेवतात?"

अक्कानं पळी पातेल्यात टाकली.

अहवाल गेला. सुविधा उत्तम, स्वच्छता उत्तम, मदतनीस गरजेपेक्षा जास्त, लाभार्थी आढळले नाहीत. दुसरा हप्ता थांबवला.

मी चिडलो. घरी जाऊन चिडलो, शेडमध्ये येऊन परत चिडलो. "अक्का, तू यांना डोक्यावर बसवून ठेवलंस. मुकाट्यानं नावं लिहून घेतली असतीस तर ही वेळ आली नसती."

"नाव लिहिलं की उद्यापासून यायचे बंद होतील."

"मग उपाशी मरू देत!"

"मरतील," अक्का म्हणाली. "त्यांना तेवढं जमतं. म्हणून तर." आणि कांदा चिरायला लागली. तिच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंत निदान कांदा तरी चिरत नाही.

आम्ही शहरातल्या ऑफिसात खेटे घातले. इकडं जा, तिकडं जा, साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर. माईकनं प्रत्येक टेबलापुढं भाषण केलं आणि प्रत्येक टेबलानं त्याला पुढच्या टेबलाकडं पाठवलं. शेवटी मॅडमच भेटली जिन्यात. ती म्हणाली, "मला दिसतंय हो की गडबड आहे. पण मी जे पाहिलं तेच टाकू शकते ना? एक मार्ग आहे. गावात सुनावणी घेते, सगळ्यांसमोर. जे जेवतात त्यांनी उठून सांगायचं, की मी इथं जेवतो, घरी पुरत नाही. थोडी माणसं बोलली तरी पुरे."

"सगळ्यांसमोरच का?" अक्कानं विचारलं. "घरोघरी या ना. मी नेते."

"घरोघरी चालत नाही. मागे कुठंतरी खोटी नावं घातली होती कुणी, तेव्हापासून उघड सुनावणीचा नियम झालाय."

म्हणजे कुठल्या तरी गावानं न जेवणारी माणसं जेवतात म्हणून दाखवली, आणि त्याची शिक्षा कुणाला? जेवून न जेवल्यासारखं करणाऱ्यांना! मी डोक्याला हात लावला.

सुनावणीच्या आधी मी घरोघर फिरलो. गोड बोललो, दमात घेतलं, हातापाया पडलो. तांदूळ किती उरलाय ते अक्काच्या पिंपात वाकून बघायला लावीन म्हटलं. तात्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मान हलवली. मग म्हणाला, "खरंय बाबा. ज्यांना गरज आहे त्यांनी बोललंच पाहिजे." आणि मला दारापर्यंत सोडायला आला.

सुनावणी शेडमध्येच. मॅडमनं टेबल टाकलं, समोर खुर्च्या मांडल्या. गाव झाडून आलं होतं. चांगले कपडे घालून आलं होतं, हे बघूनच मी ओळखलं, आज कोणी तोंड उघडत नाही. शिंपीण मावशीनं तर इस्त्री केली होती. माईक बोलायला उठला, अक्कानं नुसतं बघितलं, तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

मॅडमनं विचारलं, "कोण बोलणार?"

कुणीच नाही. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. बाहेर कोंबडी ओरडली, ती तेवढी बोलली.

"कुणीही? एकानं सुरुवात करा."

माझ्या मनात आलं, मी उठावं. पण उठलो नाही. इतके दिवस लोकांना दमात घेत फिरणारा मी, आणि मीच खुर्चीला चिकटून बसलो. बायको गेल्यापासून माझ्या घरी शेगडी पेटत नाही, टेम्पोच्या हप्त्यांत सगळं जातं, हे गावाला माहीत नाही का? सगळ्यांना माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि तोंडानं सांगणं वेगळं.

मग अक्का उठली. पदराला हात पुसले तिनं, कोरडेच होते तरी. टेबलापर्यंत गेली.

"लिहा. मी इथं जेवते. घरी मला पुरत नाही. इथलं उरलेलं रात्रीला घेऊन जाते."

मला हे माहीत नव्हतं. माझी सख्खी बहीण. मला वाटायचं ती सगळ्यांना वाढते म्हणजे तिच्याकडं असणारच. उरलेलं गाईला नेते म्हणायची. गाय कधी विकली होती कुणास ठाऊक.

आणि तेवढ्यात तात्या उठला. मला वाटलं, चला, बोलतोय. तर त्यानं काय करावं? खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली, आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मावशीनं बघितलं, तिनंही खुर्ची फिरवली. मग तिच्या मागचा. मग सगळी रांग. खुर्च्या ओढल्याचा असा आवाज झाला की मॅडम घाबरून उभी राहिली. बघता बघता सगळ्या गावानं अक्काकडं पाठ केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे नालायकांनो! तिनं तुम्हाला घास घास भरवला आणि तुम्ही तिला पाठ दाखवता? तात्या! पोस्टात तिकिटं चाटून चाटून अक्कल गेली काय तुझी?"

तात्या भिंतीकडंच बघत म्हणाला, "ओरडू नकोस रे. एका बाईला स्वतःचं असं सांगावं लागतंय आणि आपण टकामका बघत बसायचं? तूही फिर."

मी तसाच उभा.

"फिर म्हणतो ना," तात्या म्हणाला. "आणि अक्का, तुझं झालं की तूही फिरून बस. मग मी येतो."

अक्का आली, खुर्ची फिरवून बसली. तात्या उठला. मी भिंतीकडं वळलो होतो, त्यामुळं बघितलं नाही, फक्त चपलांचा आवाज ऐकला, सरक सरक, टेबलापर्यंत. मग त्याचा आवाज. "मी खिडक्या पुसतो." चपला जागच्या जागी घासल्या. "आणि मग जेवतो. दुसरीकडं कुठं जेवत नाही."

मग मावशी. मग त्यांच्या मागचे. एक जाऊन बसला की दुसरा उठायचा. कुणाचा आवाज मोठा, कुणाचा इतका बारीक की मॅडम म्हणायची, "परत एकदा सांगाल?" आणि परत सांगायचे. भिंतीवरचा नवा रंग मी असा बारकाईनं कधी बघितला नव्हता. पुष्कळ ठिकाणी फुगलाय. ठेकेदारानं पहिल्या हप्त्यात हात मारलाय हेही मला तेव्हाच कळलं. सगळ्यात शेवटी मी गेलो. मॅडमचे डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, "मीठ बघतो," आणि मग पुढचंही सांगितलं. काय सांगितलं ते तुम्हाला सांगत नाही.

ती म्हणाली, "काका, आता काळजी करू नका. भरपूर झाले."

आम्ही काळजी सोडली. हेच चुकलं.

पंधरवडा गेला, आणि निरोप आला. प्रकरण बंद. कारण, 'ग्रामस्थांचा सुनावणीवर बहिष्कार.' मला आधी वाटलं दुसऱ्याच गावाचं आपल्याला आलं. मॅडमला फोन लावला. ती रडकुंडीला आली होती. सुनावणीचा एक फोटो पाठवावाच लागतो म्हणे. तिनं टेबलावरून काढला होता. वरच्या साहेबांनी फोटो बघितला. त्यात काय दिसणार? अख्खं गाव सरकारी टेबलाकडं पाठ करून बसलंय. "मी सगळं लिहिलंय हो खाली," ती म्हणाली. "पण ते म्हणतात, लोक खूश असते तर तोंड इकडं असतं."

मी टेम्पो काढला आणि थेट साहेबांच्या खोलीत घुसलो. शिपाई 'अहो, अहो' करत मागं. साहेब जेवत होते. मला बघून त्यांनी डब्यावर घाईनं फाइल ओढली.

"बाहेर थांबा! जेवतोय दिसत नाही का?"

"दिसतंय. म्हणून तर," मी म्हटलं, आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. "तुम्ही जेवा साहेब. मी बघत नाही. असंच सांगतो."

आणि सांगितलं. मटार, खिडक्या, बाकाखालच्या ताटल्या, अक्का, तात्या, सगळं. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याला सांगितलं. मागं आधी चमच्याचा आवाज येत होता, मग यायचा थांबला.

"म्हणजे लाजून पाठ केली?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"हो."

"असं कुठं असतं?"

"तुम्ही आत्ता डब्यावर फाइल का ओढली?"

कॉम्प्युटरची खटखट ऐकू आली. मग म्हणाले, "हे बघा, यात कारणं तीनच आहेत. बहिष्कार, गोंधळ आणि इतर. लाज असं नाहीये."

"मग इतर करा."

"इतर केलं की वरच्या कमिटीकडं जातं. ती वर्षातनं दोनदा बसते. परवाच बसून गेली."

"मग दुसऱ्यांदा कधी?"

"पीक निघाल्यावर."

"साहेब, पीक निघाल्यावर आम्हाला कशाला हवंय? पीक निघाल्यावर सगळेच जेवतात! आत्ता नाहीये घरात कुणाच्या."

"मला कळतंय हो." आणि खरंच कळत होतं त्यांना, आवाजावरून कळलं. मॅडमसारखंच. सगळ्यांना कळतं. एकालाही काही करता येत नाही. त्यांनी 'इतर' केलं. मी वळून बघितलं तर डबा तसाच होता, गार झालेला.

परत आलो तेव्हा अक्का तांदूळ मोजत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. मापातला निम्मा तांदूळ परत पिंपात ओतला आणि म्हणाली, "एक दिवसाआड करू. पीक निघेपर्यंत खेचलं पाहिजे." मग पाठमोरी होऊन म्हणाली, "पण हे त्यांना सांगणार कोण?"

कोणीच सांगितलं नाही. नुसतं कुलूप घातलं.

आता ज्या दिवशी शेड बंद असते, त्या दिवशीही मी टेम्पो घेऊन समोर थांबतो. भोपळे, गाजरं पुढच्या दिवसासाठी थंड खोलीत ठेवायची असतात, असं मी म्हणतो. जेवणाच्या वेळेला तात्या येतो. मावशी येते. एकेक करून सगळे येतात, कुलूप बघतात, आणि जसं काही ओढाच बघायला आले होते अशा थाटात ओढ्याकडं वळतात. जरा वेळ पाण्याकडं बघत उभे राहतात. मग घरी जातात. एकही जण दार वाजवत नाही. एकही जण मला 'आज बंद का रे?' असं विचारत नाही. एकदा तरी कुणी येऊन दारावर लाथ घालावी, माझ्या नावानं, सरकारच्या नावानं बोंब मारावी, म्हणून मी वाट बघतो.

तात्या जाताना टेम्पोपाशी थांबतो, काचेवरची धूळ फडक्यानं पुसतो, आणि जातो.